रुपेरी पेनाचा गोल

४ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

तुमची लाँच रखडली आहे. वारा पडेपर्यंत टपाल निघणार नाही, असं टपालखिडकीतला कारकून म्हणाला, आणि अशा चेहऱ्यानं म्हणाला की वारा जणू मीच सोडलाय. बेटावर बसून तो वारा मोजायचा पगार तू घेतेस, तेव्हा त्याला जरा दमात घे. तुमच्याकडे फोन पोचत नाही आणि पत्रं अशी अडकून पडतात. माणसानं करायचं काय?

एका अर्थी बरंच झालं म्हणा. एरवी लाँच सुटायच्या आधी मी घाईघाईत दोन पानं खरडते आणि तू लिहितेस की वहिनीचं पत्र म्हणजे वाण्याची यादी. या वेळी सवड आहे. रोज थोडं थोडं लिहीन.

कारखान्यात सगळं ठीक. चामडी पिशव्यांची मोठी ऑर्डर आलीय, सगळ्या हिरव्या. हिरवी पिशवी कोण घेतं मला माहीत नाही, पण घेतात. उस्तादांनी कंबर दुखते म्हणून कापायच्या टेबलाची उंची वाढवून घेतली, आणि शिलाईकडच्या बायका त्या टेबलाला आता स्टेज म्हणतात. त्यातल्या एकीला मी तुझा फोटो दाखवला. ती म्हणाली, यांचं तर डोकं दाराच्या चौकटीला टेकलंय, मग यांना बुटकी का म्हणता? मी म्हटलं, म्हणूनच.

तुझ्या भावाचा फोन आला होता. त्याच्या बायकोनं त्याला पोहायला शिकायला घातलंय म्हणे, या वयात. मी म्हटलं, काठाकाठानं पोह. आम्ही दोघं आता फार छान बोलतो. लग्नात असताना हे का जमलं नाही कोण जाणे. लोक घटस्फोटात भांडीकुंडी वाटून घेतात, मी नणंद मागून घेतली, आणि सौदा माझ्या फायद्याचा झाला हे त्यालाही कबूल आहे.

इथपर्यंतचं पान तुझ्यासाठी. पुढचं माझ्यासाठी.

म्हणजे असं, की लाँच निघेपर्यंत ही पानं माझ्याच खणात राहणार आहेत. पाठवायच्या वेळी नको ती काढून टाकीन. तोवर तुझ्याशी खरं बोलून घेते, कारण दुसऱ्या कुणाशी बोलायची इच्छा नाही.

ऑपरेशनचा व्रण काखेखाली जिथं संपतो ना, त्याच्या जरा पुढं कातडीवर काहीतरी उगवलंय. आंघोळ करताना हाताला लागलं. शर्टाच्या लहान बटणाएवढं, तपकिरी, खडबडीत. दुखत नाही. दुखलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मागच्या वेळची गाठही दुखत नव्हती, तुला आठवत असेल.

सहा वर्षं झाली, बुटके. या सहा वर्षांत खोकला आला, पाठ धरली, वजन उतरलं, प्रत्येक वेळी मनात एकदा येऊन गेलं. येतं आणि जातं, त्याची सवय झाली होती. हे मात्र दोन आठवडे झाले तरी जायचं नाव घेत नाही.

चल, झोपते आता. बाकी ठीक.

७ फेब्रुवारी

वारा तसाच. कारकुनाचा चेहराही तसाच.

तुला का सांगणार नाही ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझाच पाय घसरायला लागला तर वाचता येईल. मागच्या वेळी तुझ्या हातात याच हवामान केंद्रावरची नेमणूक आली होती. तू ती परत केलीस, बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिलीस, आणि तोंड वर करून सांगितलंस, "वहिनी, तिथं फार थंडी असते. मला नाही सोसत." उंटाएवढी बाई, म्हणे थंडी सोसत नाही. मग वर्षभर माझ्या उशाशी बसलीस. पलंगाला कागद टांगून त्यावर माझं हवामान लिहायचीस: सकाळी ढगाळ, दुपारनंतर उलट्यांची शक्यता, संध्याकाळी वहिनीचा कडकडाट. मला तेव्हा तुझा इतका राग यायचा, आणि तू औषधं आणायला बाहेर गेलीस की मी घड्याळाकडं बघत बसायची.

आता इतक्या वर्षांनी तीच नेमणूक पुन्हा मिळालीय. मध्येच सोडलीस तर तिसऱ्यांदा तुला कोणी बोलावणार नाही. आणि तुझं मागचं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय. तू पहाटे फुगा सोडलास आणि तो ढगात शिरेपर्यंत मान वर करून बघत राहिलीस, मग मान अशी अवघडली की जेवतानाही छताकडं बघत होतीस. ते पत्र लिहिणारी बाई मला तिथंच राहायला हवीय.

तेव्हा ठरलं. चांगलं निघालं तर सांगण्यासारखं काही उरत नाही. वाईट निघालं तर तुझा करार संपेपर्यंत तोंडाला कुलूप. दोन्हीकडून ही पानं फाडायचीच आहेत, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

एक उद्योग केलाय, तो ऐक. तुला माझं काम माहीत आहे. कातडं आलं की मी ते टेबलावर पसरते आणि तळहात फिरवते. तारेचा ओरखडा, किड्याचा चावा, जुनी जखम, जे काही हाताला लागेल त्याच्याभोवती रुपेरी पेनानं गोल काढायचा. मग आमच्याकडं कातडं एक दिवस ताणून ठेवतात. दोष खोल असला तर ताणानं पसरतो आणि गोलाला भिडतो. तो भाग उस्ताद कापताना सोडून देतात. गोलाच्या आतच राहिला तर त्याचं विशेष काही नसतं, रंगाखाली झाकून जातो.

तर मी कारखान्यातलं पेन घरी आणलं, आरशासमोर हात वर करून उभी राहिले आणि स्वतःवर गोल काढला. हस, खुशाल हस. मलाही हसू आलं आणि गोल वाकडा झाला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर ते आपलं आतच बसलेलं. पेनाचा रंग साबणानं जात नाही, म्हणून कारखान्यात पुसायला वापरतो ते द्रावण कापसावर घेऊन पुसला आणि नवा गोल काढला. आता रोज हेच करते. रोज आत आहे म्हणजे झालं. उठसूट डॉक्टरकडं काय धावायचं?

१० फेब्रुवारी

आज उस्तादांनी मला स्टेजवर बोलावलं. समोर एक अख्खं हिरवं कातडं पसरलेलं, मी तपासून दिलेलं. ते म्हणाले, "बाई, हे कातडं आहे की चाळण?"

मी बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गोलच गोल. त्यातून पिशवी राहू दे, किल्लीला लावायची पट्टीसुद्धा निघाली नसती. मी एकेका गोलावर पुन्हा तळहात फिरवला. बहुतेकांत काहीच नव्हतं. इतकी वर्षं हे काम करतेय, पण सपाट कातड्यावर गोल काढत सुटायचा प्रकार माझ्या हातून कधी झाला नव्हता. शिलाईकडच्या मशिनी थांबल्या होत्या. उस्तादांनी वर बघून ओरडून सांगितलं, "या कोपऱ्यात उजेड कमी आहे, किती वेळा सांगितलं दिवा बदला म्हणून." मग फडकं घेऊन स्वतःच एकेक गोल पुसायला लागले.

जाताना हळूच विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"बरी आहे म्हणणाऱ्या बायका माझ्या घरात चार आहेत," ते म्हणाले. "त्यातली एकही कधी बरी नसते."

मी हसले आणि सुटले. पण घरी येऊन शर्ट काढला आणि आरशात बघितलं, तर ते गोलाबाहेर गेलं होतं. खरंच गेलं होतं, बुटके. लाल झालेलं, सुजलेलं, रुपेरी रेघेच्या पलीकडं बोटभर पसरलेलं, वर खाज. सकाळी इतकं नव्हतं. मी बाथरूममधल्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही.

मला मरायची भीती वाटते. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही, कारण तू लगेच काहीतरी विनोद केला असतास आणि मी हसले असते. पुन्हा त्या खुर्चीत बसून हातात सुई घ्यायची भीती वाटते. तू पुन्हा बॅग घेऊन दारात उभी राहशील याची भीती वाटते, आणि दारात तू नसलीस तर काय, याची त्याहून जास्त. यातून काय अर्थ काढायचा तो काढ. नाहीतर नको काढूस, हे पान तुझ्यापर्यंत येणारच नाहीये.

उद्याची वेळ घेतलीय.

११ फेब्रुवारी

उस्तादांकडं अर्ध्या दिवसाची रजा मागितली. ते म्हणाले, "चला, मलाही तिकडंच काम आहे." तिकडं म्हणजे कुठं, हे मी सांगितलंच नव्हतं.

तर आम्ही दोघं गेलो. बाहेरच्या खोलीत सगळ्या बायका, आणि मध्ये उस्ताद गुडघे जुळवून बसलेले, कारखान्यातला एक पट्टा घेऊन त्याची कड घासत. मी काय झालंय ते शेवटी सांगितलं. पट्टा मांडीवर ठेवून ते म्हणाले, अळशीचं तेल लावून बघा, चामड्याला फार चांगलं. मी म्हटलं, बघते. त्यांच्या डोळ्यांकडं मी बघितलं नाही आणि त्यांनीही माझ्याकडं बघितलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, केसांत पेन्सिल खोचलेली. दिव्याचं भिंग लावून बघत होत्या, मध्येच थांबल्या. "हे चमकतंय काय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं, पेन, गोल, ताण, उस्ताद कसे कापतात तेही. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"आणि रोज पुसता कशानं?"

तेही सांगितलं.

"रोज?"

"रोज. कधी दोनदा."

"ते द्रावण मेलेल्या कातड्यासाठी असतं," त्या म्हणाल्या. "तुमचं अजून जिवंत आहे. ते चिडणार, सुजणार, लाल होणार. गोलाबाहेर तुम्हीच त्याला हाकललंत."

मला शाळेत पकडल्यासारखं झालं. पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, लाली तुमची, पण मुळातलं ते बटण काही पेनानं आलेलं नाही. मला ते साधंच वाटतंय, पण तुमचं मागचं बघता मी नुसत्या वाटण्यावर सोडणार नाही. तिथंच सुई देऊन त्यांनी ते अख्खं बटण काढलं आणि टाका घातला. तपासून यायला आठवडा लागेल. निघताना म्हणाल्या, पेनामुळं का होईना, आलात हे बरं केलंत. पुढच्या वेळी मात्र आधी या.

पर्समधलं पेन त्यांनी ठेवून घेतलं. ते कारखान्याच्या सामानातलं होतं, आता उस्तादांना हिशेब काय सांगायचा? पण उस्तादांनी काही विचारलं नाही. परत येताना वाटेत चहा पाजला आणि पूर्ण वेळ माझ्याशी टेबलाच्या उंचीबद्दल बोलत राहिले.

१५ फेब्रुवारी

वारा उतरतोय म्हणतात. आज टपालखिडकीवर गेले होते. कारकून म्हणाला, आता लाँच कुठल्याही दिवशी सुटेल, पाकीट तयार ठेवा. आणि तातडीचं असेल तर वायरलेसनं निरोप जातो, मोजके शब्द, केंद्रावर घेणारा माणूस मोठ्यानं वाचून दाखवतो. म्हणजे अख्ख्या बेटानं ऐकायचं. मी म्हटलं, तातडीचं काही नाही.

टाका ओढतोय. कारखान्यात मला सगळी काळी कातडी तपासायला दिलीत. उस्ताद म्हणतात काळ्यात चूक दिसत नाही, आरामात करा. शिलाईकडच्या बायकांना काहीतरी कळलंय, कारण कोणी माझ्याशी भांडत नाही. फार वाईट दिवस आहेत.

तू इथं असतीस तर काय केलं असतंस ते मला माहीत आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर डोकं आपटलं असतंस, मग कपाटाला शिव्या दिल्या असत्यास, मग तो तुझा पाणचट चहा केला असतास. मी म्हटलं असतं की हा चहा नाही, चहाचा पत्ता आहे. मग आपण दोघी बसलो असतो. बस, एवढंच. औषध नको, धीर नको, तू नुसती माझ्या खुर्चीत पाय पसरून माझी जागा अडवून बसायला हवी होतीस. दिवसभरात मला एवढी एकच गोष्ट हवीशी वाटते, आणि तीच मागायची नाही असं मी ठरवून बसलेय.

१८ फेब्रुवारी

बुटके, काही नाही. काही नाहीये.

डॉक्टरीणबाईंनी लांबलचक नाव सांगितलं, ते लिहूनही दिलंय. म्हणाल्या, चामखिळीची चुलत बहीण समजा. निरुपद्रवी. मी विचारलं, मग हे आलं कशानं? त्या म्हणाल्या, "वयानं. म्हातारपणी येतात अशा. अजूनही येतील."

मला तोंडावर कोणी म्हातारी म्हणावं आणि मी त्या बाईचा हात धरून रडावं, असं होईल असं कधी वाटलं नव्हतं. पण तसं झालं. सहा वर्षांपूर्वी म्हातारं व्हायला मिळेल असं मला कुणी छातीठोकपणे सांगायला तयार नव्हतं. येऊ देत अजून, पाठभर येऊ देत.

कारखान्यात फोन करून उस्तादांना सांगितलं. पलीकडं नाक शिंकरल्याचा आवाज, मग म्हणाले, "मग उद्यापासून हिरवी बघणार ना? काळी संपली."

फोन ठेवला आणि दवाखान्याबाहेर तशीच उभी राहिले. इतका आनंद झाला होता आणि तो घेऊन जायला घर नाही असं वाटत होतं. तुझ्या भावाला सांगावं असं वाटलं, पण त्याला आधी काळजीच माहीत नव्हती, आनंद कशाचा सांगणार? पाय आपोआप टपालखिडकीकडं गेले. पाटी लागली होती, लाँच उद्या सकाळी. पर्समध्ये पाकीट होतंच. ठरल्याप्रमाणं वाण्याच्या यादीचं पहिलं पान ठेवायचं, बाकीची काढायची, एवढंच काम. पण उद्या सकाळपर्यंत, मग लाँच पोचेपर्यंत, थांबायला जमेना. तुला आत्ताच्या आत्ता सांगायचं होतं. काय झालं ते नाही, नुसतं चांगलं तेवढं.

म्हणून वायरलेसचा निरोप दिला. शब्द मोजून, फार विचार करून, तुला शंका येणार नाही असा: "वहिनी ठीक आहे."

कारकुनानं तो वाचला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचला. म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. मला फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं. जरा दम खायला तिथल्याच बाकावर बसले. अर्धा कप चहाही झाला नसेल, तोच त्यानं खिडकीतून हाक मारली आणि कागद पुढं केला. तुझे दोन शब्द होते.

"कधी नव्हती?"

मी ते वाचलं आणि मग मला कळलं की काय करून बसले. ठीक असलेल्या बाईचा असा निरोप जगात कुणी पाठवतं का? तू बेटावर त्या माणसासमोर उभी असशील, चौकटीला डोकं लावून, आणि उत्तर येईपर्यंत हलणार नाहीस. आणि मला हसायला यायला लागलं, आणि ते हसणं मधेच रडणं झालं. बाकावरच्या दोन बाया सरकून बसल्या. महिनाभर मी ज्याच्यावाचून होते ते हेच होतं बघ. कुणीतरी मला हा प्रश्न विचारायला हवा होता, आणि मी तो विचारायची वाटच बंद करून ठेवली होती.

कारकून म्हणाला, "उत्तर देणार का? पण शब्द आवरा."

मी सांगितलं, लिहा: "चामखीळ होती. काढली. तू जागची हलू नकोस. बाकी सगळं लाँचनं."

"हे तिकडं मोठ्यानं वाचतात हं," तो म्हणाला. "चामखीळ वगैरे."

"वाचू दे," मी म्हटलं, "आणि मला एक मोठं पाकीट द्या. या लहानात मावत नाहीये."

तर ही सगळी पानं, बुटके. एकही काढलेलं नाही.

तुझीच,
वहिनी